शोधनिबंधांच्या रानातील वाटाडे

साथीच्या रोगांशी कोण लढते, असे विचारले तर तुम्ही चटकन सांगाल : डॉक्टर, परिचारिका, लस शोधून काढणारे शास्त्रज्ञ. या यादीत ग्रंथपालाचे नाव घाला, असे म्हटले तर मात्र तुम्हाला हसू येईल. पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या आणि उशीर झाला की दंड घेणाऱ्या माणसाचा साथीशी संबंध तो काय? तो समजून घेण्यासाठी आधी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशात काय घडले ते पाहू.

२०१४ सालच्या मार्च महिन्यात लायबेरियात इबोला या भयंकर तापाचे रोगी आढळले. रोग्याचे रक्त, उलटी व शरीरातील इतर स्राव यांच्याशी संपर्क आला की हा रोग पसरतो. त्यामुळे रोग्याची सेवा करणाऱ्यांनाच त्याचा पहिला तडाखा बसतो. हा रोग आपल्या देशात उद्भवेल अशी तेथे कोणाची कल्पना नव्हती, तयारीही नव्हती. साथ आटोक्यात येईपर्यंत एकट्या लायबेरियात दहा हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे ४,८०० माणसे दगावली.

पुढे २०१५ साली त्या देशाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एक गोष्ट जगापुढे मांडली. १९८२ साली फ्रान्समधील पाश्चर संस्थेच्या एका नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला होता. युरोपातील शास्त्रज्ञांनी लायबेरियातील लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले होते. त्या काळच्या चाचणीनुसार शंभरातील सुमारे सहा नमुन्यांत इबोलाविरोधी प्रतिपिंडे सापडली होती. लायबेरियाची गणना इबोलाच्या प्रदेशात केली पाहिजे आणि तेथील रुग्णालयांनी सावध राहिले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. म्हणजे इशारा ३२ वर्षे आधीच दिलेला होता! पण निबंधाच्या लेखकांत लायबेरियाचा एकही शास्त्रज्ञ नव्हता. असा एखादा निबंध विकत घ्यायचा तर ४५ डॉलर, म्हणजे तेथील डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार मोजावा लागे. धरणात पाणी पुष्कळ असले तरी पाट काढल्याशिवाय ते शेतात पोहोचत नाही. ज्ञानाचेही तसेच आहे. आणि ज्ञानाचे पाट काढणे हेच वैद्यकीय ग्रंथपालाचे काम.

या कामाचा पाया घातला तो जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सकाने. वॉशिंग्टन येथील लष्करी वैद्यकीय ग्रंथालय त्याच्या हाती आले तेव्हा कोणत्या नियतकालिकात काय छापले आहे, हे सांगणारे पुरेसे साधन नव्हते. बिलिंग्जने जगभरची नियतकालिके मागवली आणि १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही विषयवार सूची सुरू केली. १९६४ साली हे काम संगणकाकडे आले. १९७१ पासून दूरध्वनीच्या तारांवरून दूरच्या ग्रंथालयांना ही सूची चाळता येऊ लागली आणि १९९७ साली ती ‘पबमेड’ या नावाने सर्वांना फुकट खुली झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

तुम्ही म्हणाल, मग आता ग्रंथपाल कशाला हवा? शब्द टाइप केला की झाले! पण येथेच खरी मेख आहे. एकाच रोगाला आपण हिवताप म्हणतो, थंडीताप म्हणतो, मलेरिया म्हणतो; फ्रेंच लोकांचा आणखी वेगळा शब्द आहे. एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाने लिहिलेला निबंध सापडायचा नाही. म्हणून १९६० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ठरावीक विषयशीर्षकांचा एक कोश तयार केला. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, नोंद त्या एकाच शीर्षकाखाली होते.

आता थोडे गणित करू. समजा, एका संग्रहात १,००० निबंध आहेत आणि त्यांपैकी २० आपल्या कामाचे आहेत. आपण शोध घेतला तेव्हा ५० निबंध बाहेर आले. त्यांत १६ कामाचे निघाले. म्हणजे हव्या असलेल्यांपैकी ८० टक्के हाती लागले, पण बाहेर आलेल्यांत कामाचे फक्त ३२ टक्के. मासे पकडायच्या जाळ्याची भोके बारीक केली तर मासा निसटत नाही, पण शेवाळ आणि कचराही जाळ्यात येतो. भोके मोठी केली तर कचरा टळतो, पण लहान मासे निसटतात. जाळे केवढे बारीक विणायचे, हे ठरवण्यातच ग्रंथपालाचे कसब आहे. शिवाय निसटलेल्या त्या ४ निबंधांतच धोक्याची सूचना असेल तर?

ही शंका काल्पनिक नाही. २००१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात दम्याच्या संशोधनासाठी २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम हे औषध हुंगवण्यात आले. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि महिन्याभरात ती मरण पावली. या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, असे निबंध १९५० च्या दशकात छापले गेले होते. पण संशोधकाने पाहिलेली संगणकीय सूची तेव्हा १९६६ पासूनच सुरू होत होती. जुन्या छापील सूची ग्रंथालयात होत्या. त्या उघडल्या गेल्या नाहीत. कोणती सूची कोठून सुरू होते आणि तिच्यात काय नाही, हे जाणणारा माणूस शोधाच्या कामात असावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरे उदाहरण अधिक व्यापक आहे. दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा संभव असलेल्या मातेला एक स्वस्त स्टेरॉइड टोचले तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात आणि ते वाचण्याची शक्यता वाढते. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउवी यांनी हे १९७२ साली दाखवले. नंतर इतरत्रही चाचण्या झाल्या. पण काही लहान होत्या आणि एकेकटीवरून डॉक्टरांची खात्री पटेना. लंबकाचा आवर्तकाल काढताना तुम्ही एकाच मोजणीवर विसंबत नाही; पुष्कळ मोजण्या एकत्र केल्या की चूक कमी होते. चाचण्यांचेही तसेच आहे. परंतु या सर्व चाचण्यांचा पद्धतशीर एकत्रित आढावा १९८९ पर्यंत प्रसिद्धच झाला नाही. मधल्या काळात हजारो अपुऱ्या दिवसांची बाळे टाळता आले असते असे हाल सोसून गेली. असे आढावे घेण्यासाठी १९९३ साली ‘कॉक्रेन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हात याच चाचण्यांचा आलेख आहे. आढावा घ्यायचा म्हणजे पहिली पायरी कोणती? एकही चाचणी न सोडता सर्व गोळा करणे. ते काम ग्रंथपालाचे! जागतिक आरोग्य संघटना उपचारांबाबत ज्या शिफारशी करते, त्यांच्यामागे असेच आढावे असतात.

आता राहिला किमतीचा प्रश्न. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांशी करार करून ‘हिनारी’ ही योजना सुरू केली. तिच्यामुळे गरीब देशांतील संस्थांना हजारो नियतकालिके फुकट किंवा अल्प दरात मिळू लागली. तरीही लायबेरियाला २०१४ साली तो जुना इशारा ठाऊक नव्हता. दार उघडे असून भागत नाही. आत काय आहे आणि ते कोणाला हवे आहे, हे ओळखणारा माणूसही लागतो. आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, अशा आशयाचा नियम त्यांनी १९३१ सालीच मांडला होता. १९८२ च्या त्या निबंधाला त्याचा वाचक वेळेवर मिळाला नाही, एवढेच घडले. आणि त्याची किंमत केवढी मोजावी लागली!

शेवटी एक प्रयोग सुचवतो. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात जा आणि ‘पाण्यातून पसरणारे रोग’ या विषयावर काय काय आहे ते शोधा. एका गटाने फक्त पुस्तकांची नावे पाहावी. दुसऱ्याने अनुक्रमणिका व सूची पाहाव्या आणि कॉलरा, पटकी, हगवण, कावीळ, विषमज्वर असे निरनिराळे शब्द घेऊन शोधावे. मग दोन्ही याद्या जुळवा. पहिल्या गटाचे काय काय निसटले ते मोजा आणि त्याची टक्केवारी काढा. शिक्षकांनी जुने मासिकांचे गठ्ठेही या शोधात घ्यावेत; निसटलेले पुष्कळ तेथेच सापडेल.