वांग, लिंबू आणि मेडिकलमधली ट्यूब

गालावर वांग दिसू लागले की घरोघरी उपाय सुरू होतात. शेजारीण हळद-बेसन सांगते, मावशी लिंबू चोळ म्हणते आणि कोणीतरी मेडिकलमधून ट्यूब आणून देते. आम्हाला खरी धास्ती या ट्यूबची वाटते.

तिच्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असे नाव असेल, तर ते स्टेरॉइड समजावे. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून बाई खूश! पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम येतात, लव वाढते. लावणे थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०१८ साली सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तरी चिठ्ठी न विचारता ती दिली जातात.

लिंबूही वाटते तितके साधे नाही. रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजते, डाग अधिकच काळा पडतो. हळद-बेसनाने चेहरा स्वच्छ होईल, वांग जाणार नाही. ते ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनी वाढते. बांधकामावर किंवा भाजीच्या गाडीपाशी दिवस काढणाऱ्या बाईला सावली कोण देणार, हा प्रश्न आहेच. निदान छत्री किंवा कपाळावर पुढे ओढलेला सुती रुमाल तरी असावा.

ट्यूब महिनोन्महिने लावली असेल तर मनानेच एकदम बंद करू नका. ती सोबत घेऊन सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा. गोरे दिसण्यासाठी लावली, हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका.