उपग्रहांच्या पोटातील ऊब

मांडवी-जुवारीच्या काठी राहणाऱ्यांना भरती-ओहोटीची ओळख करून देण्याचे कारण नाही. खाजन शेतांच्या मानशीची दारे पाण्याच्या चढउताराबरोबर आपोआप लागतात आणि उघडतात, हे गोमंतकीय शेतकरी पिढ्यानपिढ्या पाहत आला आहे. या चढउतारामागे मुख्यतः चंद्राचे गुरुत्वाकर्षण असते. हेच बल सूर्यमालेत अन्यत्र समुद्राला नव्हे, तर चक्क खडकाला भरती आणते आणि गोठलेल्या गोलांना आतून तापवते. जीवसृष्टीचा शोध घेणाऱ्यांची नजर ग्रहांवरून उपग्रहांकडे वळली, ती प्रामुख्याने या उष्णतेमुळे.

शालेय पुस्तकांत सूर्यमाला सूर्यापासूनच्या अंतराने मांडलेली असते. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे खडकाळ ग्रह. त्यापलीकडे हायड्रोजन आणि हेलियमचे महाकाय गोल असलेले गुरू व शनी. शेवटी युरेनस आणि नेपच्यून. उपग्रहांच्या वाट्याला बहुधा केवळ संख्या येते. बुध व शुक्राला एकही नाही, पृथ्वीला एक, मंगळाला दोन. शनीच्या उपग्रहांत मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्यांची भर पडली आणि त्यांची संख्या २७४ झाली. या आकड्याने दिपून जाण्याचे कारण नाही. त्यांतील बहुसंख्य उपग्रह अवघ्या काही किलोमीटरांचे तुकडे आहेत. मोजक्या मोठ्या उपग्रहांची गोष्ट मात्र वेगळी. गुरूचा गॅनिमीड आणि शनीचा टायटन हे दोघेही आकाराने बुध ग्रहाहून मोठे आहेत.

गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूजवळ चार ठिपके पाहिले. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे ते चार उपग्रह. आजही साधी द्विनेत्री दुर्बीण स्थिर धरता आली, तर ते दिसतात. गुरूपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश पृथ्वीच्या तुलनेत जेमतेम चार टक्के. त्यामुळे हे चारही गोल थंडगार आणि निश्चल असावेत, अशी समजूत दीर्घकाळ होती.

तिला तडा गेला मार्च १९७९ मध्ये. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तीन शास्त्रज्ञांचा एक निबंध २ मार्च रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आयोचा अंतर्भाग वितळलेला असला पाहिजे, असे गणित त्यांनी मांडले होते. तीनच दिवसांनी ‘व्हॉयेजर १’ हे यान गुरूजवळून गेले. यानाची दिशा तपासण्यासाठी घेतलेले एक छायाचित्र ८ मार्च रोजी न्याहाळताना लिंडा मोराबितो या अभियंतीला आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक ढग दिसला. तो ज्वालामुखीचा उद्रेक होता, अडीचशे किलोमीटरहून अधिक उंच उसळलेला. पृथ्वीबाहेर जागृत ज्वालामुखी दिसण्याची ती पहिलीच वेळ. एखादे भाकीत इतक्या लवकर आणि इतक्या थाटात खरे ठरल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात विरळाच. आज आयोवर चारशेहून अधिक जागृत ज्वालामुखी ज्ञात आहेत.

हे घडते कसे? आयोच्या गुरूकडील बाजूवर गुरूची ओढ अधिक, पलीकडील बाजूवर कमी. त्यामुळे तो गोल किंचित लांबट ताणला जातो. त्याची कक्षा पूर्ण वर्तुळाकार असती, तर हा ताण कायम सारखाच राहिला असता आणि उष्णता निर्माण झाली नसती. परंतु युरोपाची एक प्रदक्षिणा होते तोवर आयोच्या दोन आणि गॅनिमीडच्या एका प्रदक्षिणेत आयोच्या चार होतात. ठरावीक काळाने मिळणाऱ्या या ओढीमुळे आयोची कक्षा लंबवर्तुळाकारच राहते. तो गुरूजवळ आला की अधिक ताणला जातो, दूर गेला की सैल पडतो. आणि हे दर साडेबेचाळीस तासांनी. त्याचा पृष्ठभाग सुमारे शंभर मीटरपर्यंत वरखाली होतो. लोखंडी तार एकाच जागी पुनःपुन्हा वाकवली की ती जागा चटका बसण्याइतकी तापते, तसेच हे.

युरोपावर हाच खेळ सौम्य प्रमाणात चालतो आणि म्हणूनच तो अधिक मोलाचा आहे. तेथे खडक वितळत नाही, पण जाड बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र द्रवरूपात टिकून असल्याचे सबळ पुरावे आहेत. पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या सुमारे दुप्पट पाणी त्यात असावे, असा अंदाज आहे. आकाराने चंद्राहूनही लहान असलेल्या गोलाच्या पोटात हा साठा आहे.

शनीचा एन्सेलॅडस तर जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाचा. त्याच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फकण अवकाशात फवारले जातात, हे २००५ मध्ये ‘कॅसिनी’ यानाला आढळले. यान त्या फवाऱ्यांतून गेलेही. क्षार, सेंद्रिय संयुगे, हायड्रोजन आणि जुन्या नोंदींच्या फेरतपासणीतून २०२३ मध्ये फॉस्फेट, इतके घटक आजवर त्या पाण्यात सापडले आहेत. पाणी आहे म्हणजे जीव आहेच, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. जीवसृष्टीला लागणारी सामग्री तेथे आहे, एवढेच आज म्हणता येते.

तेवढ्या शक्यतेचीही शास्त्रज्ञांनी बूज राखली. इंधन संपत आलेले ‘कॅसिनी’ भरकटून एखाद्या उपग्रहावर आदळले असते, तर पृथ्वीवरून त्यावर चिकटून गेलेले सूक्ष्मजंतू तेथील पाण्यात मिसळण्याचा धोका होता. म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते मुद्दाम शनीच्या वातावरणात झोकून देऊन नष्ट करण्यात आले. गुरूभोवती फिरणाऱ्या ‘गॅलिलिओ’ यानाचा शेवट २००३ मध्ये याच कारणासाठी गुरूवर करण्यात आला होता.

सध्या दोन याने गुरूच्या वाटेवर आहेत. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘ज्यूस’ एप्रिल २०२३ मध्ये निघाले. ते २०३१ मध्ये गुरूजवळ पोहोचेल आणि पुढे गॅनिमीडभोवती फिरू लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले नासाचे ‘युरोपा क्लिपर’ मात्र त्याआधीच, एप्रिल २०३० मध्ये पोहोचणे अपेक्षित आहे. ते युरोपावर उतरणार नाही. जवळून सुमारे पन्नास फेऱ्या मारत बर्फाचे कवच किती जाड आहे आणि खालचे पाणी कोठे वर येते, याचा ते रडारने वेध घेईल.