डॉक्टरला तारे कोणी द्यायचे?

गेल्या पावसाळ्यात अंबरनाथचा एक कामगार बांधव वकिलाची नोटीस घेऊन आमच्यासमोर बसला होता. एमआयडीसीत हेल्पर. बायकोला ताप आला म्हणून खासगी दवाखान्यात दाखल केले. तीन दिवसांत बिल चाळीस हजारांच्या वर गेले. दर विचारला तर काउंटरवरच्या माणसाने "परवडत नाही तर सरकारीत जा" असे सुनावले. घरी आल्यावर भाच्याने मोबाईलवर त्या दवाखान्याला पाचपैकी एक तारा दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या. पंधरा दिवसांत अब्रुनुकसानीची नोटीस दारात! घाबरून त्या ओळी पुसल्या गेल्या होत्या. आमच्याकडे तो फक्त एवढेच विचारायला आला होता, "साहेब, यात खोटं काय लिहिलं होतं?"

रुग्णांनी डॉक्टरला असे जाहीर गुण द्यावेत की देऊ नयेत, यावर सध्या सुशिक्षितांत मोठा वाद चालतो. डॉक्टर मंडळी म्हणतात, रुग्णाला वैद्यकशास्त्र काय कळते? यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. गोड बोलून नको ती सलाईन लावणाऱ्याला पाच तारे मिळतात आणि "इंजेक्शनची गरज नाही, दोन दिवस आराम कर" असे खरे सांगणाऱ्याला एक. शिवाय पैसे देऊन तारे विकत घेता येतात, हे आता लपून राहिलेले नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली आणली, तीत डॉक्टरांनी असे 'लाईक' विकत घेऊ नयेत आणि रुग्णांकडून शिफारशी मागू नयेत असे म्हटले होते. ती नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली. जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून डॉक्टरांच्या संघटनांनी केवढा गदारोळ केला होता, ते आठवावे.

पण आपल्या वस्त्यांत डॉक्टरला गुण देणे काही नवीन नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांत, बदलापूरच्या चाळींत कोणता डॉक्टर उधार ठेवतो, कोण आल्या आल्या रक्त तपासायला पाठवतो, कोण बाईमाणसाशी नीट बोलतो, हे नळावरच्या आयाबाया सांगतात. त्यांना कोणी नोटीस पाठवीत नाही, कारण त्यांचे बोलणे कागदावर येत नाही. कागदावर आले की मालकाला झोंबते.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत आहे. १९२९ च्या डिसेंबरात ती गांधीजींच्या 'यंग इंडिया'त पत्ररूपाने छापली गेली होती. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नाही. गावच्या नगरशेठला मध्ये घालून, दोन रुपये फी मोजून तो आला, तेही वस्तीबाहेर. तापमापक त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच मार्गाने तो परत गेला. रोग्याला हात न लावता न्यूमोनियाचे निदान झाले. ती माऊली वाचली नाही. या हकिकतीत ना डॉक्टरचे नाव आहे, ना शिक्षकाचे. सूडाच्या भीतीने शिक्षकानेच तशी विनंती केली होती, असे बाबासाहेब नमूद करतात. नाव न घेता, जीव मुठीत धरून सांगावी लागलेली ती रुग्णाची तक्रारच होती. अंबरनाथच्या त्या भाच्याने ओळी पुसल्या, तेव्हा आम्हाला तो काठेवाडचा मास्तर आठवला.

आता दुसरी बाजू. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर आनंद गोडबोले हा तरुण पडला आणि त्याचे मांडीचे हाड मोडले. पुण्यात डॉ. जोशी यांच्या दवाखान्यात पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसविण्यात आले आणि मुलगा दगावला. बाप कोर्टात गेला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. पंधरा वर्षे लागली! आणि हा बाप स्वतः डॉक्टर होता. त्याला कागद वाचता येत होते, चूक कुठे झाली ते कळत होते. आमच्या हेल्परने काय करायचे?

१९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात आणली. फार मोठा निकाल. पण त्यात एक मेख आहे. जेथे सर्वांवर फुकट उपचार होतात ते रुग्णालय या कायद्याबाहेर. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत तो 'ग्राहक'ही नाही! केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' नावाची योजना काढून सरकारी रुग्णालयातील रुग्णाचे मत मोबाईलवर विचारायला सुरुवात केली. पण मत विचारणे वेगळे आणि न्याय देणे वेगळे. (जाता जाता सांगितले पाहिजे की, २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्हा वकिलांना मात्र या कायद्यातून मोकळे सोडले. आम्हाला तारे द्यायचे ठरवले तर वाचकांनी हात आखडू नये.)

तरीही तारे देण्याच्या या पद्धतीला डोळे झाकून पाठिंबा द्यायला आमचे मन तयार नाही. कारण आपली मुले-मुलीही आता डॉक्टर होत आहेत. बोर्डावरचे आडनाव वाचून 'हा कोट्यातला' म्हणत पायरी न चढणारे लोक या तिन्ही शहरांत आहेत. त्यांच्या हातात निनावी तारे दिले तर ते कोणाच्या कपाळावर फुटतील? मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने मे २०१९ मध्ये आत्महत्या केली आणि जातीवरून छळ केल्याचा गुन्हा सहकारी डॉक्टरांवरच दाखल झाला. सोबत शिकणाऱ्यांवर असे आरोप होतात, तर पडद्याआडच्या निनावी माणसाकडून कसली अपेक्षा ठेवायची?

तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, ही कथा विहारात सर्वांनी ऐकली आहे. पण विनयपिटकात त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत, ते कमी लोक वाचतात. औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-ओकारीची किळस नसावी, रोग्याला धीर देता यावा. आणि गुण रोग्यालाही लावले आहेत. त्याने औषध घ्यावे, आजार लपवू नये. आम्हाला ही मोजपट्टी मोबाईलच्या ताऱ्यांपेक्षा जास्त पटते.

तेव्हा लिहावे, जरूर लिहावे. पण 'डॉक्टर चोर आहे' असे लिहू नये. तारीख, बिलाची रक्कम, दरपत्रक लावले होते की नाही, एवढेच लिहावे. सत्य आणि लोकहिताचे लिखाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येच अपवाद आहे. राज्याच्या २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. आजाराचे कागद अर्ज केल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत, असे २००२ चे वैद्यकीय आचारनियम सांगतात. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही लागत नाही. हे आम्ही वकील असूनच सांगतो.

त्या बांधवाकडून आम्ही कागदांसाठी अर्ज करून घेतला. आधी टोलवाटोलवी झाली, मग नियमाचा उल्लेख करून स्मरणपत्र दिले, तेव्हा कागद आले. तीन दिवसांच्या मुक्कामात पाच दिवसांची नर्सिंग फी लावलेली होती. अब्रुनुकसानीच्या नोटिशीला त्याच कागदाची झेरॉक्स जोडून उत्तर पाठविले. त्यावर अजून दवाखान्याकडून अवाक्षर नाही. भाच्याने त्या चार ओळी पुन्हा लिहिल्या आहेत, या वेळी बिलाच्या फोटोसह.