चुकलेल्या प्रश्नाचं निदान

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स. या देशांत मुलगा किंवा मुलगी डॉक्टर व्हायला गेलेली घरं आता आपल्याकडे तालुक्याच्या गावीही भेटतात. पदवी घेऊन मुलं परत येतात, नातेवाईक पेढे मागतात आणि तेव्हा कळतं, की अजून एक परीक्षा शिल्लक आहे. तिचं नाव एफएमजीई, म्हणजे फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन. परदेशातली एमबीबीएसच्या बरोबरीची पदवी घेऊन भारतात वैद्यकीय व्यवसाय करायचा, तर ही परीक्षा पास व्हावी लागते.

मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी शिकवत होते. निवृत्तीनंतर या परीक्षेला बसणारी मुलं संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागली. सुरुवात माझ्या भाचीपासून झाली. ती तिबिलिसीहून शिकून आली होती. मग तिच्या मैत्रिणी आल्या, त्यांची भावंडं आली. जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते: "मॅडम, रोज दोन-दोनशे एमसीक्यू सोडवतो, पण स्कोअर काही हलत नाही."

परीक्षेचं स्वरूप असं. २००२ पासून ही परीक्षा आहे आणि वर्षातून दोनदा होते. एकूण ३०० प्रश्न, एकाच दिवशी दोन भागांत दीडशे-दीडशे. प्रत्येक भागाला अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि १५० गुण मिळाले की पास. निम्मेच गुण लागतात म्हटल्यावर परीक्षा सोपी वाटते. प्रत्यक्षात बहुतेक सत्रांत तीनात एकसुद्धा पास होत नाही. नापास होणारी मुलं आळशी असतात असं कुणी म्हणालं, तर मी ते ऐकून घेत नाही. यातली कितीतरी मुलं पहाटे चारला उठून अभ्यास करतात. त्यांची मेहनत चुकीच्या जागी खर्च होते.

वाचल्यानं येतं असं वाटतं

२००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. त्यानंतर काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणून सराव प्रश्न हवेतच. पण मुलं सरावही वाचनासारखाच करतात. प्रश्नावर नजर टाकायची, पर्याय निवडायचा, उत्तर चुकलं की खालचं स्पष्टीकरण वाचायचं, "हो हो, हे येत होतं की" म्हणायचं आणि पुढे जायचं. यात स्वतःच्या डोक्यातून काही बाहेर काढावंच लागत नाही. स्पष्टीकरण वाचताना सगळं सोपं वाटतं आणि दोन आठवड्यांनी तोच मुद्दा जरा वेगळ्या शब्दांत आला की पुन्हा चुकतो.

एक प्रश्न, चार प्रश्न

भाचीबरोबर बसून सोडवलेला एक प्रश्न सांगते. कोकणातला आठ वर्षांचा मुलगा. रात्री पायाला विंचू चावला. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ. हातपाय गार, नाडी जलद, रक्तदाब वाढलेला. कोणतं औषध द्याल? पर्याय होते अ‍ॅट्रोपिन, प्राझोसिन, प्रालिडॉक्झिम आणि अ‍ॅड्रिनॅलिन. तिनं अ‍ॅट्रोपिनवर खूण केली.

बरोबर उत्तर मी लगेच सांगितलं नाही. विचारलं, "अ‍ॅट्रोपिन का?"

"घाम आणि लाळ बघितली ना मावशी. कीटकनाशकाच्या विषबाधेत असंच असतं."

चूक नेमकी कुठे झाली ते इथे कळलं. अभ्यास झाला होता, औषधही आठवत होतं. फक्त दोन शेजारची चित्रं एकमेकांत मिसळली होती. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फरस औषधाची विषबाधा झाली, तरी घाम आणि लाळ असतेच. पण तिथे डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, नाडी बहुधा मंदावते. तिथे अ‍ॅट्रोपिन लागतं, जोडीला प्रालिडॉक्झिम. विंचवाच्या विषात घाम आणि लाळ सुरुवातीला दिसते खरी, पण लगोलग शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरू शकतं. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध म्हणजे प्राझोसिन. अ‍ॅट्रोपिन दिलं तर आधीच धावणारं हृदय आणखी धावेल.

मग मी तिला उरलेल्या प्रत्येक पर्यायासाठी नवा प्रश्न बनवायला सांगितला. "अ‍ॅड्रिनॅलिन हे बरोबर उत्तर व्हायचं, तर रुग्ण कसा हवा?" ती म्हणाली, मधमाशी चावली, अंगावर पित्त उठलं, श्वासाला घरघर लागली, रक्तदाब कोसळला. अ‍ॅट्रोपिनसाठी तिनं कापसावर फवारणी करून आलेला शेतमजूर उभा केला. प्रालिडॉक्झिम त्याच्याच जोडीला बसलं. एका चुकलेल्या प्रश्नातून चार प्रश्न पक्के झाले. याला वेळ लागतो, आणि म्हणूनच रोजचे दोनशे प्रश्न कमी करून पन्नासवर यायला मी सांगते. पन्नास प्रश्न पन्नास मिनिटांत सोडवा आणि त्यांच्या दुरुस्तीला निदान दुप्पट वेळ द्या.

कारण लिहा

डॉक्टर तापाचं कारण शोधल्याशिवाय औषध ठरवत नाही. चुकलेल्या प्रश्नालाही तोच न्याय लावावा. माझ्याकडे येणारी मुलं एक साधी वही करतात आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहितात. कारणं बहुतेक चारच निघतात.

पहिलं, विषयच माहीत नव्हता. यावर उपाय पुस्तकच. तेवढा भाग उघडून वाचायचा. दुसरं, माहीत होतं पण शेजारच्या गोष्टीत मिसळलं. इथे पुन्हा धडा वाचून फारसा उपयोग होत नाही. दोन्ही गोष्टी समोरासमोर मांडून वेगळेपणाची खूण एका ओळीत लिहायची. विंचवाच्या प्रश्नापुढे भाचीनं लिहिलं, "गार हातपाय, चढलेला रक्तदाब: प्राझोसिन. बारीक बाहुली, मंद नाडी: अ‍ॅट्रोपिन." तेवढं पुरलं.

तिसरं कारण, प्रश्न नीट वाचला नाही. पल्मनरी एम्बोलिझममध्ये, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते तेव्हा, ईसीजीत सर्वांत जास्त वेळा काय आढळतं? मुलं पटकन एस-वन क्यू-थ्री टी-थ्री म्हणतात, कारण पुस्तकात ती खूण ठळक छापलेली असते. ती या आजाराची ओळखीची खूण आहे, पण नेहमी दिसत नाही. सर्वांत जास्त वेळा दिसते ती साधी जलद नाडी, सायनस टॅकिकार्डिया. 'सर्वांत आधी कोणती तपासणी' आणि 'खात्रीची तपासणी कोणती' यांतही असाच घोळ होतो. या चुकांवर उपाय म्हणजे प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची, नेमकं काय विचारलंय ते मनात म्हणायचं आणि मग रुग्णाची हकिगत वाचायची.

चौथं, बरोबर उत्तर बदललं. पहिलं उत्तर कधी बदलू नये, असं मुलांना सर्रास सांगितलं जातं. संशोधन काही वेगळंच सांगतं. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी चुकीवरून बरोबर झालेली ५१ टक्के होती आणि बरोबरवरून चुकलेली २५ टक्के. म्हणून मी एवढंच सांगते: प्रश्नात आधी न दिसलेला शब्द आता दिसला असेल, तर बेधडक बदला. नुसती धाकधूक वाटते म्हणून बदलू नका.

'सिली मिस्टेक' एवढंच कुणी वहीत लिहिलं, तर मी ते खोडून कारण लिहायला लावते. महिनाभरानं वही चाळली की स्वतःचा कच्चा दुवा स्वतःलाच दिसतो. कुणाची निम्मी पानं तिसऱ्या कारणानं भरलेली असतात. त्यानं आणखी एक नोट्सचा संच विकत घेण्यात काय अर्थ आहे?

गुण कुठे आहेत

विषयवार वाटणीही ध्यानात घ्यायला हवी. ३०० पैकी मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, स्त्रीरोग-प्रसूतीला ३० आणि कम्युनिटी मेडिसिनलाही ३०. शरीररचनाशास्त्राला १७. तरीही मुलं अ‍ॅनाटॉमीपासून सुरुवात करून तिथेच अडकून पडतात आणि कम्युनिटी मेडिसिन शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

परदेशात शिकलेल्यांचा नेमका हाच विषय कच्चा असतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यायची, गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, हे आपलं वेळापत्रक तिबिलिसीत कशाला कुणी शिकवेल? भाचीला मी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंशेजारी बसवलं. एका सकाळीत ते तोंडपाठ झालं. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे जरूर करावं.

आकडा कसा वाचावा

एक विषय वाचून लगेच त्याचेच प्रश्न सोडवले की गुण चांगले पडतात, आणि ते फसवे असतात. प्रश्न हृदयाचा आहे हे आधीच ठाऊक असतं. सगळे विषय मिसळून घड्याळ लावलं की तेच गुण घसरतात. मुलं घाबरून पुन्हा एकेका विषयाकडे वळतात. तसं करू नये. परीक्षेत प्रश्न मिसळूनच येणार, म्हणून मिसळलेला आणि वेळ लावलेला गुणच खरा मानावा, तोही एका दिवसाचा नाही. सलग चार-पाच चाचण्या एकत्र पाहाव्यात.

चुकलेले प्रश्न आठवड्यानं आणि मग महिन्यानं पुन्हा सोडवावेत, पण पर्याय झाकून. 'याचं उत्तर सी होतं' हे लक्षात राहणं म्हणजे ज्ञान नव्हे. आणि खऱ्या पेपरात शेवटच्या मिनिटाला एकही प्रश्न रिकामा सोडू नये. गुण कापतच नाहीत, तर सोडायचा कशाला?

घरच्यांनाही हात जोडून सांगणं आहे. मुलगी मॉक टेस्ट देऊन उठली की "किती पडले?" असं विचारू नका. "कुठला प्रश्न चुकला, मला समजावून सांग" म्हणा. तुम्हाला वैद्यकातलं कळत नसलं तरी चालेल. तुम्हाला समजेल असं सांगताना तिचं तिलाच पक्कं होतं.

विंचवाचा तो प्रश्न कुणाच्या कल्पनेतून आलेला नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातले असे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. प्राझोसिनचा अनुभव त्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि पूर्वी दगावली असती अशी कितीतरी मुलं वाचू लागली. आपल्या मातीत मिळवलेलं हे ज्ञान आज एका गुणाचा प्रश्न होऊन या मुलांसमोर येतं. तो प्रश्न चुकला म्हणून रडत बसू नका, आणि बरोबर आला म्हणून विसरूनही जाऊ नका. पास झाल्यावर चुकांची ती वही रद्दीत देऊ नका. इंटर्नशिपमध्ये पहिली रात्रपाळी लागेल, तेव्हा तीच वही बरोबर न्या.