बर्फात स्वतःला गोठवून घेणारं जहाज

1982 पासून ध्रुवीय समुद्रांत फिरणारं जर्मनीचं ‘पोलारस्टर्न’ हे माझं सगळ्यात लाडकं जहाज. लांबी 118 मीटर. बर्फ फोडताना ते पुढचा भाग बर्फावर चढवतं आणि स्वतःच्या वजनाने बर्फ मोडतं.

पण ‘मोझेक’ या संशोधन मोहिमेत त्याने उलटंच केलं! 2019 च्या ऑक्टोबरमध्ये ते आर्क्टिकमधल्या एका भल्यामोठ्या हिमखंडाला मुद्दाम बांधलं गेलं आणि बर्फ नेईल तिकडे वाहत राहिलं. नॉर्वेचा संशोधक नानसेन याने 1893 मध्ये ‘फ्राम’ हे जहाज घेऊन हेच धाडस केलं होतं.

तिथे हिवाळ्यात सूर्य कित्येक महिने उगवतच नाही. हेडलॅम्प लावून शास्त्रज्ञ बर्फावर उतरतात, आणि सोबत बंदूकधारी पहारेकरी असतो, कारण ध्रुवीय अस्वल कधीही येऊ शकतं. खोल समुद्राचं पाणी आणायला बाटल्यांचं मोठं कडं तारेने खाली सोडतात. खरी घाई ते वर आल्यावर! बाहेर उणे 30 अंश, त्यामुळे नमुने गोठायच्या आत उबेत न्यावे लागतात. पाणी काढायचं बर्फातलं भोकही सतत मोकळं ठेवायचं. त्यात बर्फाला मध्येच भेग पडते आणि विजेच्या तारा, उपकरणं नव्याने मांडावी लागतात. मला या चिकाटीचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

करोनामुळे माणसांची अदलाबदल अडली, तेव्हा जहाजाला मोहीम थांबवून स्वालबार्ड बेटांजवळ यावं लागलं. नवी तुकडी घेऊन ते पुन्हा बर्फात गेलं आणि 12 ऑक्टोबर 2020 ला जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला परतलं.