रात्रीचे फोटो आणि आपले डोळे

दादरच्या फुलबाजारात पहाटे फोटो काढणाऱ्यांची एक हमखास तक्रार असते. मोबाइलवर झकास दिसलेला झेंडूचा ढीग घरी पाहिला तर काळपट! दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. आजूबाजूला अंधार असला की मंद पडदाही लख्ख वाटतो. म्हणून पडद्याचा उजेड कमी ठेवावा आणि फोटोचा अंदाज हिस्टोग्रामवरून घ्यावा.

डोळ्यातल्या शंकुपेशी सुमारे १० मिनिटांत अंधाराला सरावतात. दंडपेशींना मात्र अर्धा तास लागतो, कारण उजेडाने विरलेले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य हळूहळूच भरून येते. मोबाइलकडे टक लावली की ते पुन्हा खर्ची पडते. मग तसेच रस्त्यात पाऊल टाकले, तर समोरची हातगाडीही चटकन दिसत नाही. फोटो पाहायचा तो कडेला थांबूनच.

पन्नाशीनंतर बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही; तेवढे चालायचेच. पण दिव्यांभोवती वलये दिसू लागली तर नुसती लेन्स पुसत बसू नये. फोटोत वलय नाही आणि डोळ्याला दिसते, असे असेल तर मोतीबिंदू, काचबिंदूची तपासणी करून घ्यावी. सोबत डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे.