साठ वर्षांच्या नोंदींची शाळा

न्यू हॅम्पशायर, अमेरिका : उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जायचं म्हणजे संगणक नाहीतर व्यवस्थापन, असा आपल्याकडे समज आहे. जंगल, माती, पाणी यांच्या अभ्यासासाठी इथे काय वाव आहे, हे विचारणारे विद्यार्थी मोजकेच. म्हणून या वेळी बोस्टनच्या उत्तरेला, व्हाइट माउंटन्सच्या कुशीत असलेल्या हबर्ड ब्रुक या प्रायोगिक जंगलाविषयी लिहितो आहे.

हे जंगल तीन हजारांहून अधिक हेक्टरांचं. अमेरिकेच्या वन खात्याने १९५५ मध्ये पाण्याच्या अभ्यासासाठी ते राखून ठेवलं. इथल्या खडकात पाणी फारसं मुरत नाही. उतारावर पडलेल्या पाण्यापैकी झाडांनी शोषलेलं आणि वाफ होऊन गेलेलं वगळलं, तर उरलेलं ओढ्यातूनच बाहेर पडतं. १९६३ मध्ये बोरमन, लायकेन्स, जॉन्सन आणि पिअर्स या चार शास्त्रज्ञांनी याचा उपयोग करून घेतला. पावसातून जंगलात काय आलं आणि ओढ्यातून काय गेलं, याचा जमाखर्च त्यांनी मांडायला घेतला. दर आठवड्याला नमुने गोळा करण्याचा तो शिरस्ता आजही चालू आहे.

या जमाखर्चाने अमेरिकेला मोठा धडा दिला. वस्तीपासून इतक्या दूरच्या जंगलातही पाऊस आम्लधर्मी निघाला. दूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रांमधला धूर वाऱ्याबरोबर इथवर येत होता. पुढे १९९० मध्ये हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला, त्यामागे इथल्या नोंदींचा मोठा आधार होता. मात्र पावसाची आम्लता खरोखर घटते आहे, असं ठामपणे म्हणायला सुमारे १८ वर्षांच्या सलग नोंदी लागल्या. त्यातली चार-पाच वर्षंच उचलली असती, तर कधी ती वाढतेय असं दिसलं असतं, कधी घटतेय असं. पाऊस सुधारल्यावरही जंगल लगेच सावरलं नाही, कारण आम्लामुळे मातीतलं कॅल्शियम वाहून गेलं होतं. १९९९ मध्ये एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिज पसरलं, तेव्हा तिथल्या शुगर मेपलच्या झाडांनी पुन्हा जोम धरला.

नव्या विद्यार्थ्याचं शिक्षण या ओढ्यांवरच होतं. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी छोटा काँक्रीटचा बंधारा आहे आणि त्याच्या कडेला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो. नमुना घेताना बाटली आधी त्याच ओढ्याच्या पाण्याने विसळायची, बोट आत लागू द्यायचं नाही, पाणलोटाचा क्रमांक, तारीख, वेळ तिथेच लिहायची. हिवाळ्यात बर्फात पोकळ नळी रोवून बर्फासकट तिचं वजन करायचं, म्हणजे बर्फात साठलेलं पाणी कळतं. मे-जूनमध्ये काळ्या माश्या डोळ्यांसमोरून हटत नाहीत, तरी काम चुकवता येत नाही. एक आठवडा हुकला तर तो भरून काढता येत नाही. पद्धत बदलायची झाली, तर जुनी आणि नवी काही काळ बरोबरीने चालवून दोन्हींचा मेळ घालावा लागतो. आपल्या जन्माआधी सुरू झालेली नोंद बिनचूक पुढच्याच्या हाती देणं, हीच इथली तालीम. जुलैत सगळे संशोधक इथे जमतात, तेव्हा पदवीचा विद्यार्थीही नामांकित शास्त्रज्ञांसमोर उभा राहून आपलं काम मांडतो.

हे काम इतकी वर्षं टिकलं ते तीन खांद्यांवर. जमीन वन खात्याची, माणसं विद्यापीठांची, आणि पैशाचा मोठा भाग राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा. प्रतिष्ठानाने १९८० मध्ये सहा ठिकाणांपासून दीर्घकालीन परिसंस्था-संशोधनाचं जाळं उभारलं आणि हबर्ड ब्रुक त्याच दशकात त्यात सामील झालं. अनुदान सहा वर्षांचं, पुढचं मिळवायचं तर काम पुन्हा सिद्ध करावं लागतं. शिस्त म्हणून हे चांगलं, पण शंभर वर्षांचा विचार करणारं विज्ञान वॉशिंग्टनच्या अंदाजपत्रकावर लटकलेलं असतं, हा या व्यवस्थेतला खरा धोका आहे.

आता आपल्या मुलांसाठी काय? उन्हाळ्यात विद्यावेतन देऊन पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेणारी सरकारी योजना फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे. इथे वाढलेल्या मराठी मुलांनी ती सोडू नये. भारतातून येणाऱ्यांची मुख्य वाट पीएचडीची. सहायकपद मिळालं, तर शिकवणी शुल्क माफ होतं आणि राहण्या-जेवणापुरतं वेतन मिळतं. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते, पण त्याआधीच संबंधित प्राध्यापकांना त्यांचं काम वाचून पत्र लिहावं. इथे प्रवेश पुष्कळदा मार्गदर्शकाच्या होकारावर ठरतो. भारतात पीएचडी करणाऱ्यांना फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीतून सहा ते नऊ महिने येता येतं.

आणि एक दार सर्वांनाच उघडं आहे. दीर्घकालीन संशोधनाच्या या जाळ्यातल्या नोंदी सार्वजनिक कराव्याच लागतात. कोल्हापुरात किंवा नागपुरात बसून हबर्ड ब्रुकचे आकडे उतरवून घेता येतात, तेही फुकट.

आपल्याकडेही मुदुमलईच्या जंगलात ५० हेक्टरांवरचं एकेक झाड १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून मोजलं जात आहे. सह्याद्रीतही असं काम वाढायला हवं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आपल्या जवळचा एखादा ओढा निवडावा, दर आठवड्याला त्याचं पाणी मोजावं आणि प्राध्यापक निवृत्त झाला तरी वही बंद पडू देऊ नये. त्यासाठी अमेरिकेच्या व्हिसाची गरज नाही.